सांगलीत भंगारात मिळालेली भजनांची अमेरिकन एलपी: ॲलिस कोल्ट्रेन

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या तबकड्यांचा गठ्ठा आलाय असं कानावर आलं, म्हणून संध्याकाळी जाऊन बसलो. विश्रामबागेतला एक बंगला पाडायला काढलाय, मुलं अमेरिकेत, माळ्यावरचं सगळं वजनावर दिलं, एवढीच माहिती त्याच्याकडे. गठ्ठ्यात बहुतेक नेहमीचाच माल होता. हिंदी सिनेमांच्या एलपी, नाट्यगीतांच्या ईपी, ओल लागून एकमेकांना चिकटलेली कव्हरं. आणि त्यातच ही: ॲलिस कोल्ट्रेन, 'राधा-कृष्ण नाम संकीर्तन'. वॉर्नर ब्रदर्स, १९७७, अमेरिकन छाप. लेबलवर दोन्ही बाजूंना ताडाची झाडं असलेल्या रस्त्याचं चित्र.

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो. त्याची बायको ॲलिसबाई, त्यांचा 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) हा अल्बमही चांगला परिचयाचा. पण ही तबकडी मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि ती सांगलीत, पत्र्याच्या शेडमध्ये, पंख्याच्या पात्यांखाली दबलेली मिळेल असं तर स्वप्नातही नव्हतं. उभ्याउभ्याच मागची बाजू वाचली. पहिल्या बाजूला 'गोविंद जय जय', 'गणेश', 'प्रेम मुदित', 'हरे कृष्ण'. दुसऱ्या बाजूला एकच, 'ओम नमः शिवाय'. तंबोऱ्यावर सीता कोल्ट्रेन, ड्रम्सवर अर्जुन जॉन कोल्ट्रेन ज्युनियर, आणि गायला वेदांतिक सेंटरचे विद्यार्थी.

त्याच घरातून आलेला एक ११० व्होल्टचा अमेरिकन रेकॉर्ड प्लेअरही होता, सोबत ट्रान्सफॉर्मरसकट. तोही उचलला. घरी आल्यावर तबकडी पुसली, पिन तपासली आणि लावली. 'गोविंद जय जय' सुरू झालं तशी आई पदराला हात पुसत बाहेर आली. "हे आमच्या मंडळातलं आहे की रे," म्हणाली, आणि 'राधारमण हरि'ला बरोबर जागेवर उचललं. गाणारे कोण, कुठले, तिला काही माहीत नाही. ती आणि ते एकदम समेवर आले.

हा धागा काढायची कारणं दोन. पहिलं म्हणजे हे तुम्हा सगळ्यांपर्यंत पोचावं. ही तबकडी संग्राहकाच्या कपाटात बंद होऊ नये, आपल्याकडच्या भजनी मंडळींनी ती ऐकावी असं मला फार वाटतंय. दुसरं म्हणजे एक अडचण. सगळा आवाज जड येतोय. बायकांचे गळे घोगरे, ठेका ओढल्यासारखा. ट्रान्सफॉर्मरमधून वीज बरोबर ११० निघतेय, मीटर लावून पाहिलं. दुसरी बाजू लेबलप्रमाणे १९ मिनिटांच्या आसपास आहे, पण वाजायला जवळजवळ २३ मिनिटं लागली. आणि कव्हरचा एक कोपरा तिरका कापलेला आहे. कुरतडलेला नाही, कात्रीनं कापावा तसा सरळ. याचं काय कारण असेल?

तबकडीप्रेमी

अभिनंदन कृष्णाकाठ! कोपऱ्याचं आधी सांगतो, कारण त्यात या तबकडीचा सगळा प्रवास आहे. अमेरिकेत जे अल्बम खपत नसत ते दुकानदार कंपनीला परत करत. कंपनी मग त्या कव्हरांचा कोपरा कापून किंवा भोक पाडून ती घाऊक भावात मोडीत काढी. खूण यासाठी, की तोच माल पूर्ण किमतीला पुन्हा परत येऊ नये. त्याला 'कट-आउट' म्हणतात. म्हणजे तुमची प्रत तिकडे विकलीच गेली नव्हती. ती स्वस्तातल्या ढिगात पडली, तिथून कुणीतरी, बहुधा शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलानं, 'राधा-कृष्ण' नाव वाचून उचलली असणार. ताडाच्या झाडांचं लेबल वॉर्नरनं १९७३ ते १९७८ या काळात वापरलं, तेव्हा प्रत त्याच वेळची आहे.

आता स्वच्छतेचं. माळ्यावरच्या मालाला बुरशी असतेच. आधी मोकळ्या हवेत, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब घालून मायक्रोफायबरनं खाचेच्या दिशेनं पुसा, आडवं नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. लेबल भिजू देऊ नका. त्या गठ्ठ्यात ७८ च्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. अब्दुल करीम खांसाहेबांची एखादी तबकडी निघाली तर कायमची जाईल.

आणि एक विनंती. घरात फिएस्टासारखा जुना पेटी-प्लेअर असला तर त्यावर ही लावू नका. त्याचं काड्रिज (पिन बसवलेला भाग) जड बसतं, खाच घासते.

संध्याछाया

वाखुसा (वाचनखूण साठवली). मला यातलं काही कळत नाही, पण आईंचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. या ॲलिसबाई कोण, हरिनामाकडे कशा वळल्या, जरा सविस्तर लिहाल का?

कृष्णाकाठ

तबकडीप्रेमी, कोपऱ्याची गोष्ट ऐकून त्या कव्हराकडे बघायची नजरच बदलली. धन्यवाद.

संध्याताई, लिहितो. ॲलिस मूळच्या डेट्रॉईटच्या, जन्म १९३७. लहानपणापासून चर्चमध्ये पियानो-ऑर्गन वाजवायच्या. पुढे जॅझमध्ये आल्या, पॅरिसला जॅझ पियानोवादक बड पॉवेल यांच्याकडे शिकल्या. १९६५ मध्ये जॉन कोल्ट्रेनशी लग्न झालं आणि १९६६ पासून त्या त्याच्याच ताफ्यात पियानोवर होत्या. जॉनचा स्वतःचा ओढा अध्यात्माकडे होता. 'अ लव्ह सुप्रीम' हा त्याचा १९६५ चा अल्बम म्हणजे देवापुढे ठेवलेला नैवेद्यच. त्याच्या शेवटच्या भागात स्वतः लिहिलेली प्रार्थना त्यानं सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर म्हटली आहे. पं. रविशंकरांवर त्याची इतकी भक्ती, की मुलाचं नाव रवि ठेवलं.

१७ जुलै १९६७ ला जॉन गेला. चाळीशीच होती. पदरात चार मुलं, त्यातली थोरली आधीच्या लग्नाची. पुढचा काळ बाईंना फार जड गेला. झोप नाही, वजन उतरलेलं. त्या काळात त्यांना स्वामी सच्चिदानंद भेटले. हे तेच, ज्यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावरून सुरुवातीचं आशीर्वचन दिलं होतं. १९७० च्या अखेरीस बाई भारतात येऊन गेल्या. परतल्यावर संगीत बदलत गेलं. हार्प (उभं, मोठं तंतुवाद्य), ऑर्गन, तंबोरा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी कॅलिफोर्नियात वेदांतिक सेंटर काढलं, भगवी वस्त्रं घेतली, तुरीयसंगीतानंद हे नाव घेतलं.

ही तबकडी त्या वळणावरची आहे. आणखी दोनेक अल्बम करून १९७८ नंतर त्यांनी बाजाराकडे पाठच फिरवली. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अगौरा इथं आश्रम झाला, तिथं दर रविवारी भजन. त्या काळात ज्या कॅसेट निघाल्या त्या शिष्यांपुरत्याच, पहिली १९८२ ची. कंपनीकडून पुढचा अल्बम आला तो थेट २००४ मध्ये. २००७ मध्ये बाई गेल्या. आश्रमाच्या कॅसेटमधली निवडक भजनं २०१७ मध्ये पुन्हा छापली तेव्हा कुठं जगाला पत्ता लागला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या वणव्यात आश्रमाची वास्तू जळाली.

तबकडीवरची सीता म्हणजे त्यांची थोरली मुलगी मिशेल. आणि ड्रम्सवरचा अर्जुन म्हणजे जॉन ज्युनियर. १९६४ चा जन्म. ध्वनिमुद्रण १९७६ चं. म्हणजे दुसरी सबंध बाजू आईबरोबर वाजवणारा हा मुलगा १२ वर्षांच्या आसपासचा आहे. वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचाही झाला नव्हता.

सतारगल्ली

कृष्णाकाठ, राम राम. मी मिरजेचा, आमचं घराणंच तंतुवाद्याचं. तुमच्या आवाजाच्या अडचणीचं उत्तर व्होल्टमध्ये नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्या जुन्या प्लेअरांची मोटर हर्ट्झच्या हिशोबानं फिरते. त्यामुळे ३३ चं चाक आपल्याकडे २७-२८ च्या गतीनं फिरणार. १९ मिनिटांची बाजू २३ ला जाते ती यामुळेच, सहाला पाच या हिशोबात तुमचा आकडा तंतोतंत बसतो. सूरही तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरलेला असणार. बायकांचे गळे घोगरे झाले ते त्यामुळे.

खात्री करायची तर तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि ३ मिनिटं फेरे मोजा. गती बरोबर असेल तर १०० भरतात.

आमच्याकडे वडिलांचा गॅरार्डचा प्लेअर आहे, ५० हर्ट्झचा, चालू स्थितीत. मिरजेला घेऊन या. तंबोरा कसा लागलाय ते मलाही ऐकायचंय. तबकडी उतरलेल्या गतीनं वाजली की तंबोरा सगळ्यात आधी चुगली करतो. गळा घोगरा असला तर माणूस म्हणतो, असेल तसाच. पण जवारीचा, म्हणजे तार घोडीला हलकी घासून उठणारा, झंकार ढिला पडला की लगेच कळतं. तार छेडल्यावर आवाज फुलायला एक ठरावीक वेळ लागतो, तो आमच्या हातात बसलेला असतो.

कृष्णाकाठ

काका, मोजले. ८३ भरले. रविवारी येतो मिरजेला. प्लेअर बंद करून ठेवलाय, चुकीच्या गतीत आता ऐकवत नाही.

अभंगप्रेमी

वेगळा सूर लावतोय, राग मानू नये. यूट्यूबवर 'गोविंद जय जय' ऐकलं. बाईंच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. पण आपलं भजन एका षड्जावर उभं असतं. विणेकरी तो सूर धरून असतो, त्याच्यावर सगळं चढत जातं. इथं खालचा पाया सारखा सरकतो, एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवरून) दुसरीवर. माझं मन स्थिर होईना. नाम तेच आहे, पण त्याला चर्चचा साज चढवलाय असं वाटलं. गाण्याचा आनंद मिळाला, नामाचा मिळाला नाही.

पखवाजी

अभंगप्रेमी, तुमचं म्हणणं समजतं. मी ठेक्याच्या बाजूनं बोलतो. आमच्या दिंडीत तीस वर्षं पखवाज आहे. यांचा ठेका भजनी ठेका नव्हे, हे उघड आहे. आपला टाळ मात्रेवर पडतो, जोर पुढं. यांचा जोर मागच्या मात्रेवर पडतो, म्हणून ते सारखं झुलतं. पहिल्यांदा मलाही पाय कुठं टाकावा कळेना. पण भजन चढत गेल्यावर जे होतं ते ओळखीचं आहे. लय वाढते, शब्द आखूड होतात, शेवटी नुसतं नाम उरतं. कीर्तनाच्या अखेरीला 'विठोबा रखुमाई' होतं तेव्हा मंडपात जे होतं तेच.

आणि १२ वर्षांच्या पोराबद्दल वाचून डोळे भरले. आमच्याकडं त्या वयाची पोरं टाळ घेऊन वारीला येतात, त्यांना कुणी शिकवायला बसत नाही, गर्दीत उभं राहून येतं. या पोराला त्याच्या आईनं शेजारी बसवून घेतलं.

मिशिगनकर

मूळचा वाईचा, गेली बरीच वर्षं डेट्रॉईटजवळ. अभंगप्रेमींच्या 'चर्चचा साज' या शब्दांवर थोडं लिहावंसं वाटतं.

ॲलिसबाई ज्या चर्चमध्ये वाढल्या ती कृष्णवर्णीयांची बाप्टिस्ट चर्च. शेजाऱ्यांच्या आमंत्रणावरून मी इथल्या अशा एका चर्चमध्ये रविवारी गेलोय. आपल्या डोक्यात चर्च म्हणजे शांतता, बाकावर बसलेली माणसं. तिथं तसं काही नाही. एकजण ओळ म्हणतो, सगळी मंडळी उत्तर देतात. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पखवाजीकाकांना जो झोका जाणवला तो तिथलाच. पास्टर बोलायला उभा राहिला की ऑर्गनवाला त्याच्या पाठीमागे सूर धरतो, आणि बोलणं चढेल तसा तोही चढतो. नारदीय कीर्तनात बुवांच्या निरूपणामागे पेटी असते ना, अगदी तसं. म्हाताऱ्या बायका उठून नाचतात. कुणाचं भान हरपलं तर शेजारचे त्याला सांभाळून धरतात. मला त्या दिवशी पंढरपूरच आठवलं.

या लोकांच्या पूर्वजांना गुलाम करून आणलं. शेतात राबताना गाणं हीच त्यांची प्रार्थना होती, देऊळ-बिऊळ कुठलं असायला. देवाला हाक मारायची त्यांची रीत तिथून आलेली आहे. बाईंनी हरिनाम घेतलं तेव्हा ती रीत टाकून दिली नाही, याचं मला मोल वाटतं. त्यांनी आपल्यासारखं गायचं सोंग आणलं असतं तर ते पोकळ झालं असतं. आपल्या आईच्या चर्चमधल्या आवाजातच त्यांनी गोविंदाला हाक मारली.

तुकोबा 'नामसंकीर्तन साधन पैं सोपें' म्हणतात, आणि पुढं म्हणतात, त्यासाठी वनात जायला नको, नारायण सुखानं घरी येतो. डेट्रॉईटच्या लेकीच्या घरी आला तो तिच्याच घरचं ऐकायला आला, असं मी धरतो.

नाट्यवेडा

मिशिगनकर, फार छान. अभंगप्रेमींना माझ्याकडून एक आठवण. आपल्या प्रत्येक भजनी मंडळात जी पेटी आहे तिचा जन्म पॅरिसचा. डेबँ नावाच्या कारागिरानं १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे आली ती पायपेटी, मग कोलकात्यात तिची हातपेटी झाली. आणि ऑर्गन? आपल्या संगीत नाटकाचा सगळा डोलारा ऑर्गनवर उभा होता. सांगली म्हणजे विष्णुदास भाव्यांचं गाव, १८४३ चं 'सीतास्वयंवर' इथलंच. बालगंधर्व आपल्या नागठाण्याचे. गंधर्वांच्या गाण्यामागे भरून राहिलेला तो ऑर्गनचा सूर आज आपल्याला अस्सल मराठी वाटतो. तेच गंधर्व उतारवयात अभंग गायले.

म्हणजे चर्चमधलं वाद्य आपण दीडशे वर्षांपूर्वी देवासमोर नेऊन ठेवलेलंच आहे. ॲलिसबाई उलट्या बाजूनं आल्या. वाद्य त्यांच्या घरचं, नाम आपल्याकडचं.

अभंगप्रेमी

नाट्यवेडा, मिशिगनकर, दोन्ही प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. पेटीचं तर मला माहीत होतं, पण या अंगानं पाहिलं नव्हतं. कॉर्डबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. मला षड्ज लागतो. तबकडीवर तंबोरा आहे म्हणता, तो कुठं नीट ऐकू येतो ते सांगा, तिथून पुन्हा ऐकायला सुरुवात करतो.

सतारगल्ली

'गणेश' ऐका. त्यात हार्प आणि तंबोरा एवढंच आहे.

माणदेशी

उशिरा आलो धाग्यावर. आम्ही गोंदवल्याजवळचे. लहानपणापासून महाराजांच्या समाधीपुढं 'श्रीराम जय राम जय जय राम' ऐकत मोठे झालो. तिथं चालीचं कुणी काही विचारत नाही. कुणी जोरात म्हणतं, कुणी पुटपुटतं, शेतावरनं आलेला माणूस मळक्या कपड्यानं पाच मिनिटं बसून जातो. तबकडीवरचं 'प्रेम मुदित' रामाचंच आहे, 'प्रेम मुदित मन से कहो राम राम राम'. आजी असती तर तिनं नुसतं 'राम राम राम' ऐकून हात जोडले असते, कोण गातंय ते नंतर विचारलं असतं. आणि शिष्यांना घेऊन दर रविवारी भजन करणारी बाई ही आमच्या लेखी बुवाच. एवढंच सांगायचं होतं. तबकडी सातारला आणणार असाल तर जागेची सोय मी करतो.

कृष्णाकाठ

मंडळी, मिरजेला जाऊन आलो. आईलाही घेऊन गेलो होतो. लिहायला बसलोय खरा, पण सगळं शब्दांत येईल असं वाटत नाही.

सतारगल्लीकाकांच्या कारखान्यात गॅरार्ड ठेवला होता. बाजूला मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले, अर्धवट कोरलेल्या तुणीच्या दांड्या भिंतीला टेकवलेल्या. तबकडी लावली आणि पहिल्याच ओळीला गळे उजळले. उतरलेल्या गतीत जे थकल्यासारखं वाटत होतं त्यात आता तरतरी होती. आई तर लगेच म्हणाली, "आता या बाया हसत गातायत."

'गणेश' लागलं तेव्हा काकांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली. पिन उचलली, एक तंबोरा मांडीवर घेतला, तबकडीचा सा ऐकून तो मिळवला. मग घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागे, केसभर पुढे सरकवत राहिले. एका जागी तार एकदम बोलायला लागली. "हां, आता लावा," म्हणाले. तबकडीतला तंबोरा आणि कारखान्यातला तंबोरा एकात एक मिसळले. त्यावर हार्प उतरत येते, वरपासून खालपर्यंत, स्वरमंडळावरून बोटं फिरवावीत तशी, पण खूप मोठ्या आवाक्यात. अभंगप्रेमी, तुमचा षड्ज इथं आहे. तुम्ही असायला हवे होतात.

काका म्हणाले, तबकडीतला तंबोरा कुणी बनवलाय ते सांगता येणार नाही, पण जवारी कुणीतरी मन लावून काढलेली आहे. ज्या गावात अब्दुल करीम खांसाहेब दर्ग्यात विसावले आहेत, त्या गावातल्या माणसानं हे म्हणावं, मला यापुढं दुसरं प्रमाणपत्र नको.

दुसऱ्या बाजूबद्दल मात्र पखवाजीकाकांशी बोलायचंय. १९ मिनिटं फक्त ऑर्गन आणि ड्रम्स. शब्द नाहीत. ऑर्गन लाटांवर लाटा आणतो आणि तो मुलगा घाबरत नाही. मागंही राहत नाही, आईला अडवतही नाही. मी कोल्ट्रेनच्या ताफ्यातले मोठमोठे ड्रमर ऐकले आहेत. तितकी तयारी यात नाही, असणारही नाही. पण आई वाजवतेय आणि आपण तिच्याबरोबर आहोत, हा विश्वास त्या प्रत्येक ठोक्यात आहे. माझी आई हे सगळं डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं मुलाचं नाव विचारलं. अर्जुन म्हटल्यावर "आता कुठं असतो?" तो १९८२ मध्ये अपघातात गेला, हे सांगताना मला कठीण गेलं. त्यानंतरही बाईंनी रविवारचं भजन सोडलं नाही, हेही सांगितलं. आई म्हणाली, "मग ती खरी."

आता ठरवलंय ते सांगतो. तबकडी विकायची नाही. संग्राहकांचे निरोप आलेत, त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. आईच्या मंडळाचं भजन पुढच्या एकादशीला आमच्याकडे आहे, गावभागात. आधी मंडळ आपलं भजन म्हणेल, मग तबकडीची पहिली बाजू, मग 'गोविंद जय जय' पुन्हा, आणि त्याच्याबरोबर मंडळानं गायचं. गॅरार्ड काका घेऊन येतायत. माणदेशी, तुमचं सातारचं आमंत्रण त्यानंतर नक्की.

तबकडीप्रेमी

मी कोल्हापूरहून येतोय. काड्रिजची नवी पिन आणतो, गॅरार्डला बसते का ते काकांना विचारून ठेवा. आणि तबकडी उभी ठेवा, आडवी एकावर एक रचू नका. आतलं प्लास्टिकचं पाकीट बदला, जुनं असेल तर ते चिकटून डाग पाडतं.

अभंगप्रेमी

'गणेश' हेडफोन लावून ऐकलं. तंबोरा सापडला. एकादशीला येतो, वीणा घेऊन. मंडळाला चालत असेल तर तबकडी वाजताना मी वीणा धरीन.

पखवाजी

दुसरी बाजू ऐकली. पोरगं आवर्तन धरत नाही, सम शोधायला गेलं तर सापडत नाही. पण आईचा हात कुठं थांबणार हे त्याला बरोबर कळतंय, तिथं तो येतो. पखवाज आणतो. पहिल्या बाजूला साथ करून बघू, मागच्या मात्रेवर थाप टाकायची सवय करतोय. कृष्णाकाठ, गावभागात गाडी कुठं लावायची तेवढं कळवा.

कृष्णाकाठ

काका, गाडी घाटाच्या बाजूला लावा, तिथून घर दोन मिनिटांवर आहे. भजन संध्याकाळी सातला. आणखी कोण येणार असेल त्यांनी इथंच लिहा, आई फराळाचं विचारतेय.